शंका आणि आशा

सकाळी सहाच्या सुमारास वसई रोड स्थानकाबाहेर मोठी लगबग असते. वसई गाव, पापडी, गिरीज, माणिकपूर अशा ठिकाणांहून आलेली माणसे रिक्षांतून उतरतात आणि चर्चगेटकडे जाणारी गाडी गाठण्यासाठी जिन्याकडे धावतात. कोणाच्या हाती जेवणाचा डबा, कोणाच्या डोक्यावर भाजीची पाटी, तर कोणाजवळ फुलांची टोपली. या गर्दीत अलीकडे एक नवल दिसू लागले आहे. एखादी मोटार अगदी निःशब्दपणे येते. तिच्यामागे धूर नसतो, इंजिनाची घरघर नसते. क्रमांकाच्या हिरव्या पाटीवरून ती ओळखू येते. विजेवर चालणाऱ्या वाहनांना अशी हिरवी पाटी असावी, असा नियम आपल्या देशात २०१८ साली झाला.

ही मोटार पाहून कोणी कौतुकाने थबकतो, तर कोणी मान हलवून पुढे जातो. रिक्षाच्या थांब्यावर तर या विषयावर नेहमीच वाद रंगतो. एखादा तरुण चालक म्हणतो, "दादा, गॅसच्या रांगेत तासन्‌तास उभे राहण्यापेक्षा विजेची रिक्षा घ्या की!" त्यावर केस पांढरे झालेला चालक शांतपणे उत्तर देतो, "अरे बाबा, रिक्षा म्हणजे माझी भाकरी आहे. भर दुपारी तिची वीज संपली, तर संध्याकाळी घरी काय नेऊ?"

या उत्तराला कोणी हसेल. कोणी त्या वृद्ध चालकाला जुन्या मताचा म्हणेल. परंतु त्याचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे आहे काय? ज्याच्यापाशी चार वाहने आहेत, त्याने एक नवे घेऊन पाहिले आणि ते पसंत पडले नाही, तर फारसे बिघडत नाही. ज्याची वर्षानुवर्षांची शिल्लक एका वाहनात गुंतायची आहे, त्याला मात्र दहा वेळा विचार करावाच लागतो. त्याची शंका ही आळसातून किंवा अज्ञानातून आलेली नसते; ती जबाबदारीतून आलेली असते. अंधारात चालणारा माणूस काठीने वाट चाचपतो, म्हणून तो भित्रा ठरत नाही. शंका ही तशीच काठी आहे. मात्र काठी टेकून एकाच जागी उभे राहणे शहाणपणाचे नाही. वाट तपासावी आणि पाऊलही पुढे टाकावे.

विजेची मोटार नवी वाटते. पण तिची कल्पना पुष्कळ जुनी आहे. ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा रस्त्यावरच्या ज्या मोटारीने प्रथम ओलांडली, ती पेट्रोलवर नव्हे, विजेवर चालणारी होती. ही गोष्ट १८९९ सालची, फ्रान्समधली. पुढे पेट्रोलची मोटार सरस ठरली. पेट्रोल काही क्षणांत भरता येई आणि त्यावर दूरचा पल्ला गाठता येई. त्या काळच्या बॅटऱ्या मात्र जड असत आणि त्यांत वीज थोडीच मावे. अलीकडच्या काळात लिथियम-आयन बॅटरी आली आणि हे चित्र पालटू लागले. कमी वजनात पुष्कळ वीज साठवणाऱ्या या बॅटरीच्या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

वसईकरांना तर विजेच्या वाहनाचे अप्रूप वाटण्याचे कारणच नाही. विरारहून मुंबईला उपनगरी गाडी सुरू झाली ती १८६७ साली. तेव्हा ती वाफेच्या इंजिनावर चाले. कोळशाचा धूर आणि काजळी प्रवाशांच्या कपड्यांवर बसे. १९२८ साली बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या आल्या आणि १९३६ साली विजेच्या तारा विरारपर्यंत पोहोचल्या. तेव्हापासून वसई-विरारची माणसे विजेच्या वाहनातूनच कामावर जात आहेत. वीज कोठे भरायची, वाटेत ती संपली तर काय, असा प्रश्न त्यांतील एकाही प्रवाशाला कधी पडला नाही. कारण तारा, खांब, वीजकेंद्रे, दुरुस्तीची माणसे ही सारी सिद्धता रेल्वेने केली होती. प्रवाशाने फक्त तिकीट काढायचे होते. विजेच्या मोटारीच्या बाबतीत मात्र ही सारी चिंता एकट्या मालकाच्या डोक्यावर येऊन पडते. सामान्य चालकाच्या शंकांचे मूळ येथे आहे.

यांतील पहिली शंका अंतराची. तिचे उत्तर थोड्याशा गणिताने मिळू शकते. एखाद्या लहान मोटारीच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते असे धरू. एका युनिटवर ती सहा-सात किलोमीटर धावते. म्हणजे एकदा बॅटरी भरली, की सुमारे २०० किलोमीटरची सोय झाली. विरारहून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन १२० किलोमीटर झाले. जव्हारला जाऊन परतायचे म्हटले, तर अंतर दोनशेच्या घरात जाते. शिवाय वाटेत घाट लागतो आणि चढावर वीज अधिक खर्ची पडते. तेव्हा रोजच्या कामासाठी ही शंका फारशी टिकत नाही. लांबच्या प्रवासासाठी मात्र ती काही अंशी खरी आहे. अशा वेळी महामार्गावर चार्जिंगची सोय कोठे आहे, हे आधी पाहूनच निघावे लागते.

खर्चाचे गणितही असेच करून पाहावे. वीज युनिटला दहा रुपये धरली, तर २०० किलोमीटरला ३०० रुपये लागतील. तेवढ्याच अंतराला, लिटरमागे १५ किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस तेरा लिटरांहून अधिक पेट्रोल लागेल. लिटरचा भाव शंभर रुपये धरला, तर हा खर्च तेराशे रुपयांच्या वर जातो. सामान्य माणसाची आशा उगवते ती या हिशेबातून. तथापि हिशेब अर्ध्यावर सोडू नये. विजेची मोटार विकत घेताना किंमत अधिक मोजावी लागते. कारखानदार बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची देतात. हमी संपल्यावर ती बदलण्याची पाळी आली, तर खर्च लाखांत जाऊ शकतो. म्हणून जो रोज पुष्कळ फिरतो, त्याला ही मोटार परवडते. जो आठवड्यातून एकदाच बाहेर पडतो, त्याला कदाचित परवडणार नाही. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

दुसरी शंका जागेची. ज्याच्या घराला अंगण आहे, तो आपल्या ओटीवरून तार ओढून रात्री मोटार चार्ज करू शकतो. परंतु नालासोपारा, विरार या भागांत दाटीवाटीने उभ्या असलेल्या इमारतींमध्ये राहणाऱ्यांनी काय करावे? तेथे मोटार उभी करण्यासच जागा मिळत नाही, तर चार्जिंगची जागा कोठून मिळणार? घरच्या साध्या जोडणीवर बॅटरी भरण्यास आठ-दहा तास लागतात. चौथ्या मजल्यावरून खाली तार सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तो अपघाताला दिलेला आवतण आहे. सोसायटीच्या सभासदांनी एकत्र बसून, जाणकार तंत्रज्ञाच्या सल्ल्याने, स्वतंत्र मीटर घेऊन सोय केली, तर मात्र एकाची अडचण सर्वांच्या सहकार्याने दूर होते.

तिसरी शंका पावसाची आणि ती वसईच्या माणसाला साहजिकच अधिक सतावते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारच्या मोठ्या भागात पाणी भरले. रेल्वेगाड्या थांबल्या, मिठागरातील माणसे पाण्याने वेढली गेली आणि अनेक वस्त्यांचा वीजपुरवठा बंद पडला. ज्यांनी ते दिवस पाहिले, ते विचारणारच, की अशा पुरात विजेच्या मोटारीचे काय होईल? शास्त्राचे उत्तर असे : आजच्या अनेक मोटारींची बॅटरी बंदिस्त पेटीत असते आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवूनही आत पाणी जाऊ नये, अशा कसोटीला ती उतरलेली असते. म्हणून पावसात मोटार चालविण्यास भय नाही. पण वाहत्या पाण्यात कोणतीच मोटार घालू नये आणि पुरात बुडालेली विजेची मोटार तपासून घेतल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. राहिला प्रश्न वीज जाण्याचा. तो मोटारीचा दोष नाही. पण ज्या गावात वीज वारंवार जाते, तेथील चालकाला त्याची झळ लागतेच.

चौथी शंका सर्वांत गंभीर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईतच एका घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. त्यात भाजलेल्या एका लहान मुलाला आपल्या प्राणास मुकावे लागले. ज्या गावाने हे दुःख पाहिले, त्या गावातील आईबापांना बॅटरीचे भय वाटले, तर त्यांना कोणत्या तोंडाने नावे ठेवावीत? त्या वर्षी देशात इतरत्रही विजेच्या दुचाकींना आगी लागल्या होत्या. सरकारने बॅटरीच्या कसोट्या अधिक कडक केल्या आणि १ डिसेंबर २०२२ पासून त्या टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. लोकांनी शंका घेतली, प्रश्न विचारले, म्हणूनच नियमांना धार आली, हे विसरता कामा नये. परंतु नियम कागदावर असून भागत नाही. गाडीबरोबर मिळालेलाच चार्जर वापरावा. फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी वापरू नये. माणसे झोपतात त्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर बॅटरी चार्जिंगला ठेवू नये. या साध्या गोष्टी घराघरांत माहीत झाल्या पाहिजेत.

आणखी एक शंका विचारी माणसे काढतात. मोटारीतून धूर निघत नाही हे खरे. पण तिची वीज येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर पालघर जिल्ह्यातच शोधता येते. डहाणूला कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे आणि तारापूरला अणुशक्तीवर चालणारे. भारतातील पहिली अणुवीज १९६९ साली याच तारापूरला निर्माण झाली. कोळसा जाळून केलेल्या विजेवर मोटार चालली, तर रस्त्यावरचा धूर नाहीसा होतो. पण वीजकेंद्राच्या धुराड्यातून तो काही प्रमाणात निघतच राहतो. हीच वीज सूर्यप्रकाश, वारा, पाणी किंवा अणू यांपासून मिळाली, तर लाभ पुष्कळच वाढतो. मोटार किती स्वच्छ आहे, हे तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे यावर ठरते. तरीही भर वस्तीतला धूर कमी होणे हा काही लहान लाभ नव्हे. शाळेच्या दारातून, बाजारातून, रिक्षाच्या थांब्यावरून धूर हटला, तर त्याचे सुख लहान मुलांना आणि वृद्धांना प्रथम मिळते. दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर काढणाऱ्या रिक्षाचालकाला ते त्याहूनही अधिक मिळते. केळीच्या बागा आणि फुलांचे वाफे यांसाठी नावाजलेल्या वसईला स्वच्छ हवेचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

तात्पर्य, सामान्य चालकाच्या शंकांपैकी काही गणिताने सुटतात, काही काळजी घेतल्याने सुटतात; पण बऱ्याचशा शंका अशा आहेत, की एकट्या माणसाने त्या सोडवाव्यात ही अपेक्षाच चुकीची आहे. चार्जिंगची स्थानके, अखंड वीज, कसोटीला उतरलेल्या बॅटऱ्या, दुरुस्तीचे शिक्षण घेतलेले कारागीर, ही सर्वांनी मिळून करायची कामे आहेत. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी २०२२ सालच्या नियमांनी कारखानदारांवर टाकली आहे. अशी जबाबदारी प्रत्येकाने आपापल्या वाट्याची उचलली, तर शंकेचे रूपांतर विश्वासात होण्यास वेळ लागणार नाही.

या बाबतीत एस.टी.चे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजेच आजच्या अहिल्यानगरला गेली. त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेची एस.टी. धावली. ज्या प्रवाशापाशी स्वतःची सायकलसुद्धा नाही, तोही त्या दिवशी विजेच्या वाहनात बसू शकला. नवे साधन सार्वजनिक झाले, की ते गरिबाच्याही कामी येते.

आणि आणखी एक गोष्ट. रस्त्यावरची प्रत्येक पेट्रोलची मोटार जाऊन तिच्या जागी विजेची आली, तरी वसईच्या महामार्गावरची कोंडी आहे तशीच राहील. हजारो माणसांना एकाच वेळी घेऊन जाणारी विरारची गाडी हे आजही वसईकरांचे सर्वांत मोठे विजेचे वाहन आहे. तिचा आणि चांगल्या बसगाड्यांचा विसर पडू न देता विजेच्या मोटारीचे स्वागत करावे, हेच शहाणपणाचे होईल.

आज पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणारी मुले उद्या वाहने चालवतील. काही जण ती बनवतील, काही जण दुरुस्त करतील. त्यांनी नव्या वस्तूला भुलून जाऊ नये आणि तिला घाबरूही नये. थांब्यावरच्या त्या वृद्ध चालकाचा प्रश्न त्यांनी मनात जपून ठेवावा : "भर दुपारी वीज संपली तर काय?" ज्या दिवशी या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्याच्या हातावर ठेवता येईल, त्या दिवशी विजेची रिक्षा घेण्याचा आग्रह त्याला कोणी करावा लागणार नाही. तो आपण होऊन पुढे येईल.