जुनी काठी, नवे रबर

पावसाळा ओसरून सकाळची हवा कोरडी झाली, की ज्येष्ठांची पावले पुन्हा बाहेर वळतात. कोणी पर्वतीच्या पायऱ्या चढतो, कोणी रंकाळ्यावर फेरफटका मारतो, तर कोणी घराजवळच्या बागेतच समाधान मानतो. अशा वेळी कपाटातून आणि माळ्यावरून जुने सोबती बाहेर निघतात: काठी, बूट, पाठीवरची सॅक, थर्मास, विजेरी. त्यांतील काहींनी वीस-वीस वर्षे इमानाने साथ दिलेली असते. त्या आता टाकून द्याव्यात, असे मुलांना वाटते. त्या अजून भक्कम आहेत, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे असते. आपल्याही घरी हा वाद होत असेल, तर त्याचा निवाडा वस्तूच्या वयावरून करू नये. ती कशाची बनली आहे, हे आधी पाहावे.

लाकूड, चामडे, लोकर, जाड सुती कापड आणि पोलाद हे दीर्घायुषी पदार्थ आहेत. ते झिजतात, पण आपली झीज लपवीत नाहीत. दख्खनी मेंढीच्या लोकरीची हाती विणलेली घोंगडी कसर लागू दिली नाही, तर वर्षानुवर्षे ऊब देते. याउलट रबर, फोम, चिकटवलेले सांधे आणि कापडावरचा प्लास्टिकचा थर यांचे वय कपाटातही वाढतच असते. वस्तू वापरली नाही, म्हणून ती नवी राहिली, हा समज येथे खोटा ठरतो.

बुटांचेच पाहा. चालण्याच्या अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतील बाष्पाशी संयोग होऊन हा पदार्थ हळूहळू विघटित होतो. कोकणासारख्या दमट, उष्ण हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते. त्यामुळे काही वर्षे जपून डब्यात ठेवलेला, वरून झळझळीत दिसणारा बूट चालता चालता अकस्मात तळवा सोडतो. म्हणून जुना बूट घालण्यापूर्वी त्याच्या तळव्याची कड अंगठ्याने दाबून पाहावी आणि बूट हाताने वाकवावा. भेगा दिसल्या, भुगा पडला किंवा तळवा कडेने उकललेला आढळला, तर तो बूट घालू नये. केवळ चामड्याची शिवण उसवली असेल, तर मात्र कारागिराकडून ती शिवून घेता येते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्या बुटात घरातील कोणीतरी रोज हात घालून पाहावे. आत वर आलेला खिळा किंवा गोळा झालेले अस्तर त्यांच्या पायाला कळत नाही.

काठीचे आयुष्य मोठे, पण तिच्या टोकाच्या रबरी बुचाचे अगदी थोडे. बुचाखालच्या वर्तुळाकार खाचा झिजून सपाट झाल्या, एक बाजू अधिक झिजली किंवा रबर कडक होऊन तडकले, की ओल्या फरशीवर काठी सरकलीच म्हणून समजावे. नवे बूच आणताना काठीच बरोबर न्यावी, म्हणजे माप चुकत नाही. काठी लहानमोठी करता येणारी असेल, तर तिची कळ छिद्रात पुरती बसते की नाही, हे दाब देऊन तपासावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वाढत्या वयात माणसाची उंची थोडी कमी होते. काठी मात्र तेवढीच राहते. नेहमीची पादत्राणे घालून ताठ उभे राहिल्यावर आणि हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. ती वर येत असेल, तर खांदा उचलला जाऊन तोल बिघडतो. लाकडी काठी सुताराकडून बेताने कापून घ्यावी. लांब दांड्याची छत्री काठीसारखी टेकत चालणे मात्र टाळावे. तिचे गुळगुळीत टोक भार पेलण्यासाठी केलेले नसते.

उरलेल्या वस्तूंची परीक्षा सोपी आहे. सॅकच्या आतला थर चिकट होऊन पापुद्रे सुटू लागले, तर ती पाणी अडवणार नाही. तिच्यात औषधे न्यायची असल्यास ती घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावीत. पोलादी थर्मासमध्ये उकळते पाणी भरावे. काही मिनिटांत तो बाहेरून तापला, तर आतील निर्वात पोकळी बिघडली आहे. झाकणाचे वायसर तेवढे सैल झाले असेल, तर तेच बदलावे. विजेरी ठेवून देताना तिच्यातील सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून आतील पट्ट्या खराब करतात. भिजलेले बूट कडक उन्हात न ठेवता, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत.

काळजी घेणाऱ्या मंडळींनी हे सारे हळुवारपणे करावे. उतारवयात एक पडणे खुब्याचे हाड मोडण्यास पुरे होते, आणि हाड जुळले तरी मनातली भीती अनेकांना घराबाहेर पडू देत नाही. पण आजोबांची काठी त्यांना न विचारता टाकून देणे, हेही तसेच घातक ठरू शकते. त्या मुठीची हाताला सवय झालेली असते, तिच्या भरवशावर पाय उंबरा ओलांडतात. तेव्हा शक्य असेल तेथे वस्तू ठेवावी आणि तिचा नाशवंत भाग तेवढा बदलावा. बदलणे अटळ असेल, तर नवी वस्तू प्रथम आठवडाभर घरात वापरून पाहू द्यावी, मगच जुनीला निरोप द्यावा.

येत्या रविवारी सकाळी अर्धा तास काढून, आजी-आजोबांना शेजारी बसवून, त्यांच्याच हातांनी ही तपासणी करावी. कोणती वस्तू कशी वागते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?