सेवा दलाच्या शाळेतला नट

अभिनयाचे वर्ग आता जिल्ह्याच्या गावीही निघाले आहेत. शिक्षणाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु शुल्क भरून मुंबईत वर्ष-दोन वर्षे तग धरू शकेल त्यालाच नट होता येईल, अशी स्थिती आली तर मराठी पडद्यावर कोणता समाज दिसेल, याचा विचार व्हावयास हवा.

निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी होते. ऐंशी रुपयांच्या पगारातले दहा रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. भांडवल नसल्याने स्वतःची रोपवाटिका काढण्याचा बेत फसला. ते नट झाले ते सेवा दलाच्या कलापथकात. १९५७ मध्ये त्यांनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले, आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तील झेलेअण्णा पडद्यावर आला तेव्हा त्यांचे वय अडतीस होते. आजच्या हिशेबाने हा उशीरच! पण प्रचाराच्या फडावर समोर बसलेल्या गावकऱ्याची नजर वाचण्यात गेलेली ती वर्षे वाया गेली, असे कोण म्हणेल?

त्या वर्षांचे मोल 'सामना'त कळते. साखर कारखानदार हिंदुराव पाटील हा नेहमीच्या छापाचा खलनायक नाही; सहकारातून आलेली सत्ता माणसाशी किती गोड बोलते, हे ज्याने चळवळीत राहून जवळून पाहिले, त्याने केलेले ते सत्तेचे विश्लेषण आहे. समोर मास्तरांच्या भूमिकेत होते डॉ. श्रीराम लागू. ते कान-नाक-घशाचे शल्यविशारद आणि पुण्याच्या हौशी रंगभूमीवर घडलेले. एक माळी आणि एक शल्यविशारद एकाच चौकटीत समोरासमोर उभे राहिले, ते नाट्यसंस्था आणि कलापथके यांची दारे दोघांनाही उघडी होती म्हणून.

त्यांतले कलापथकाचे दार आज जवळजवळ बंद आहे. राज्य नाट्यस्पर्धा अजून भरते खरी. पण स्पर्धेपुरते बसवलेले नाटक आणि वर्षभर गावोगाव हिंडणारे पथक यांत अंतर आहे. पथक चालते ते चळवळीच्या बळावर, आणि चळवळी क्षीण झाल्या. अनुदान वाढवून हे अंतर भरून येईल, असे शासनाला वाटत असेल तर तो भ्रम आहे.

नाव झाल्यावर फुले ज्या वाटेने आले ती विसरले नाहीत. पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या चरितार्थासाठी उभारलेल्या सामाजिक कृतज्ञता निधीकरिता लागूंसह ते 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करीत हिंडले.