आकडे थांबले, हिशेब बाकी

कोरोनाचे राज्यातील सगळे निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. २ तारखेला गुढीपाडवा झाला आणि ३ तारखेला रमजानचा पहिला रोजा. दोन वर्षांच्या खंडानंतर सातारा, कराड, सांगली, मिरजेच्या मशिदींत तरावीहची नमाज पुन्हा एकत्र झाली. संध्याकाळी खजूर, कलिंगड आणि भज्यांच्या गाड्यांवर रोजेदारांइतकीच इतर गिऱ्हाइकांचीही गर्दी होती. २०२० चा रमजान टाळेबंदीत गेला. २०२१ चा रमजान १४ एप्रिलला सुरू झाला आणि त्याच रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी लागली. त्या वर्षी १४ मे रोजी ईद, अक्षय्य तृतीया आणि बसवेश्वर जयंती एकाच दिवशी आल्या. कापडवाला, सराफ आणि मिठाईवाला ज्या दिवसांची वर्षभर वाट पाहतात, ते दिवस बंद शटरमागे गेले.

या काळात दोन्ही जिल्ह्यांत संध्याकाळ झाली की एकच प्रश्न असे : ‘‘आज आकडा किती आला?’’ एरवी मटक्याच्या टपरीवर विचारला जाणारा हा प्रश्न घराघरांत पोहोचला. आकडा वाढला की घबराट, उतरला की सुटकेचा श्वास, आणि तरीही निर्बंध राहिले की संताप. मात्र हा आकडा काय मोजतो, कोणाला मोजतो आणि कोणाला सोडून देतो, याकडे फारसे लक्ष गेले नाही. आता हा प्रश्न शांतपणे विचारता येईल. तो विचारायचे कारण असे, की या आकड्यांशी एक व्यवहार जोडलेला होता आणि त्याची मुदत २३ मे २०२२ रोजी संपली.

आकड्याला चिकटलेला पत्ता

सांगली जिल्ह्यातला कोरोना पहिल्यांदा देशाच्या नजरेत आला तो इस्लामपूरमुळे. २३ मार्च २०२० रोजी सौदी अरेबियातून परतलेल्या एकाच कुटुंबातील चौघांचे अहवाल बाधित आले. आठवडाभरात त्यांच्या नात्यागोत्यातील बाधितांची संख्या वीसच्या पुढे गेली. शहराच्या सीमा बंद झाल्या, आरोग्य पथके घरोघरी फिरली, संपर्कातील माणसे शोधून वेगळी ठेवण्यात आली आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय कोरोनासाठी राखून ठेवले गेले. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले बहुतेक रुग्ण बरे झाले. संसर्ग शहरभर पसरला नाही. प्रशासनाच्या या कामाचे ‘इस्लामपूर पॅटर्न’ म्हणून कौतुकही झाले.

पण त्याच बातमीचा दुसराही वापर झाला. गावाचे नाव, सौदीचा प्रवास आणि कुटुंबाचा धर्म एकत्र बांधून मोबाइलवर संदेश फिरले. साताऱ्यातील सुरुवातीचे रुग्णही परदेशातूनच आलेले होते. कोणी दुबईहून, कोणी अमेरिकेहून. विषाणू विमानाने आला आणि ज्याने ज्याने प्रवास केला त्याच्याबरोबर आला, इतकी ही साधी गोष्ट. मार्चअखेर दिल्लीच्या मरकजचे प्रकरण पुढे आल्यावर ती ऐकण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. तोवर पाच महिने उलटले होते. संदेश ज्या वेगाने पसरले, त्या वेगाने हा निकाल पसरला नाही.

हा अनुभव एकाच समाजाच्या वाट्याला आला असे मात्र नाही. मे २०२० मध्ये पाटण, जावळी, खटावकडचे माथाडी आणि चाकरमानी मुंबई-नवी मुंबईहून गावी निघाले, तेव्हा अनेक गावांनी वेशीवर दगड आणि काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवले. खानापूर-आटपाडीकडची गलाई करणारी माणसे देशभरातून परतली. सोन्या-चांदीच्या धंद्यात त्यांनी कमावलेल्या पैशावर ज्या गावांत देवळे आणि शाळा उभ्या राहिल्या, त्याच गावांत त्यांना शाळेच्या खोलीत चौदा दिवस काढावे लागले. विलगीकरण आवश्यकच होते. पण शेजाऱ्याने पाणी भरायला नकार देणे, दूधवाल्याने गल्ली टाळणे, घराचा फोटो गटात फिरवणे, यातले काही आरोग्य खात्याने सांगितले नव्हते.

याचा परिणाम वैद्यकीय होता. बाधित ठरणे ही लाज झाली, की माणूस तपासणी टाळतो. ताप अंगावर काढतो, गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळ्या घेतो, आणि दम लागल्यावर रुग्णालयात पोहोचतो. दोन्ही जिल्ह्यांतले डॉक्टर दुसऱ्या लाटेत हेच सांगत होते : रुग्ण उशिरा येतो. हा प्रकार नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या सैनिकांच्या झडत्यांच्या धास्तीने लोक रुग्ण लपवत होते. त्याच साथीत सातारा जिल्ह्यातील नायगावच्या लेकीने, सावित्रीबाई फुले यांनी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्राण सोडला. रुग्णाला गुन्हेगार मानणारी यंत्रणा आणि रुग्णाला माणूस मानणारी शिक्षिका, दोन्ही उदाहरणे सव्वाशे वर्षांपासून आपल्याजवळ आहेत.

धर्मस्थळांच्या बाबतीत मात्र सामान्य माणसाने दाखवलेला समजूतदारपणा नोंदवायला हवा. साथ असलेल्या मुलखात जाऊ नये आणि आपण असलेल्या मुलखात साथ आली तर तिथून बाहेर पडू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे. दुसरे खलिफा हजरत उमर शाम देशाच्या वाटेवर असताना तिथे साथ असल्याचे कळल्यावर सहकाऱ्यांशी सल्लामसलत करून मागे फिरले, हा प्रसंग मदरशात शिकणाऱ्या मुलालाही माहीत असतो. म्हणून घरी नमाज पढणे बहुतेकांना जड गेले तरी परके वाटले नाही. कडेगावच्या मोहरमला दोन वर्षे उंच ताबुतांच्या भेटी झाल्या नाहीत. लोणंद-फलटणच्या वाटेने पायी जाणारी माउलींची पालखी दोन वर्षे एसटीने गेली. ‘आजार वगैरे काही नाही’ म्हणणारे दोन्हीकडे होते; पण पादुका बसमध्ये ठेवून हात जोडणारे आणि ईदची नमाज घरात पढणारे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होते.

टक्केवारीचा भुर्दंड

२०२१ मध्ये रागाची दिशा बदलली. आता तो शेजाऱ्यावरून सरकारवर गेला. ५ एप्रिलपासून अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद झाली आणि सातारा, सांगली, कोल्हापूरचे व्यापारी रस्त्यावर उतरले. १० एप्रिलला साताऱ्यात पोवई नाक्यावर खासदार उदयनराजे भोसले यांनी ‘भीक मांगो’ आंदोलन केले. मे महिन्यात दोन्ही जिल्ह्यांनी राज्याच्या नियमांवर आणखी कडक टाळेबंदी लावली.

व्यापाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. दुकान बंद असले तरी भाडे, बँकेचा हप्ता आणि कामगाराचा पगार थांबत नाही. प्रशासनाची बाजूही तितकीच खरी होती. त्याच दिवसांत ऑक्सिजनच्या खाटेसाठी नातेवाईक मिरजेहून कराड आणि कराडहून साताऱ्याला फोन लावत होते. आजपर्यंत सातारा जिल्ह्यात अडीच लाखांहून अधिक माणसे बाधित म्हणून नोंदली गेली, सहा हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. सांगलीत दोन लाखांहून अधिक बाधित आणि पाच हजारांहून अधिक मृत्यू. २०११ च्या जनगणनेनुसार साताऱ्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आहे. म्हणजे दर बारा माणसांमागे एकाची तरी नोंद बाधित म्हणून झाली.

घोळ झाला तो पुढच्या टप्प्यावर. ७ जून २०२१ पासून राज्याने पाच स्तर ठरवले. तपासण्यांत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली असेल आणि ऑक्सिजनच्या खाटा पुरेशा रिकाम्या असतील तर जवळजवळ सगळे खुले. दहाच्या वर गेले तर चौथा स्तर. विसाच्या वर गेले तर पाचवा. कल्पना चांगली होती. लोकांना नियम आधी कळत होता. पण टक्केवारी ही भागाकाराची गोष्ट आहे. समजा, एका जिल्ह्यात हजार तपासण्यांत शंभर बाधित निघाले, तर प्रमाण दहा टक्के. तेच शंभर बाधित दोन हजार तपासण्यांत निघाले, तर प्रमाण पाच टक्के. बाधितांची संख्या तीच, स्तर मात्र वेगळा. तपासणी कोणाची करायची, ताप आलेल्याची की बाजारात सरसकट, यावर दुकानाचे शटर ठरू लागले. २५ जूनच्या आदेशाने फक्त आरटीपीसीआर चाचण्यांवरचे प्रमाण धरायचे ठरले आणि सगळे हिशेब पुन्हा बदलले. त्यामागचे शास्त्रीय कारण होते, अँटिजेन चाचणी पुरेशी विश्वसनीय नाही. पण गणपती पेठेतल्या किंवा राजवाड्यासमोरच्या दुकानदाराला ते कोणी समजावून सांगितले नाही. त्याच्यापर्यंत फक्त पोलिसाची शिट्टी पोहोचली.

दुसरी अडचण मोजमापाच्या पट्टीची होती. दहा लाखांवर लोकसंख्येची महापालिकाच स्वतंत्र घटक धरली गेली. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांच्या घरात, म्हणून शहर आणि उरलेला जिल्हा एकाच तागडीत. ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या जतच्या शिंप्याचे दुकान सांगलीच्या प्रमाणावर बंद राहणार आणि म्हसवडच्या हॉटेलवाल्याचा गल्ला कराडच्या प्रमाणावर ठरणार. मिरजेत तर सीमाभागातून आणि सोलापूर जिल्ह्यातूनही रुग्ण येतात. ते आले म्हणून मिरजेचे नाव मोठे. पण त्यांनी अडवलेल्या खाटा सांगलीच्या खात्यावर.

जुलैअखेर महापूर आला. सांगलीच्या बाजारपेठेत कृष्णेचे पाणी शिरले. २ ऑगस्टला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पूरग्रस्तांना भेटायला भिलवडी आणि सांगलीत आले. त्याच दिवशी निघालेल्या आदेशात बहुतेक जिल्ह्यांना सवलती मिळाल्या, पण अकरा जिल्हे तिसऱ्या स्तरावरच राहिले. त्यांत सातारा होता, सांगली होती, कोल्हापूरही होते. दुकानातला गाळ काढणाऱ्या माणसाला तेव्हा टक्केवारी सांगणे अवघड होते. सर्वांना सवलत मिळाली ती १५ ऑगस्टपासून.

पुढच्या वेळेसाठी यातून घेण्यासारखे तीन धडे स्पष्ट आहेत. आकडा तालुकावार जाहीर व्हावा आणि निर्बंधही तालुकावार असावेत. बाधितांच्या संख्येशेजारी तपासण्यांची संख्या त्याच ठळक अक्षरांत छापली जावी. आणि बंदचा भार कोणी किती उचलायचा, हे बंद लावण्याआधी ठरावे. भाजीवाल्याला सकाळचे चार तास, कापडवाल्याला शून्य आणि पगारदाराला पूर्ण पगार, ही वाटणी न्यायाची नव्हती.

मोजायची राहिलेली माणसे

सर्वोच्च न्यायालयाच्या ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशानंतर कोरोनाने मृत्यू झालेल्या प्रत्येक व्यक्तीच्या वारसाला पन्नास हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याचे ठरले. राज्याचा शासन निर्णय २६ नोव्हेंबरला निघाला. जानेवारीत न्यायालयासमोर आलेल्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात नोंदलेले कोरोना मृत्यू एक लाख एक्केचाळीस हजारांच्या आसपास होते आणि मदतीचे अर्ज दोन लाखांहून अधिक. काही अर्ज दुबार असतील, काही अपात्र ठरतील. तरीही इतका मोठा फरक तेवढ्याने भरून निघत नाही. रोज संध्याकाळी ज्या आकड्यावर आपण घाबरत किंवा चिडत होतो, त्यात अनेक माणसे नव्हतीच.

ती कोणती माणसे? तपासणीच्या तिसाव्या दिवसाआधी घरी गेलेली. तपासणीचा अहवाल येण्यापूर्वीच दगावलेली. आणि ज्यांच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण ‘न्यूमोनिया’ किंवा ‘हृदयविकार’ लिहिले गेले ती. काही घरांनी तर ‘कोरोना’ हा शब्द कागदावर येऊ नये म्हणूनच धडपड केली. दफनाला किंवा सावडायला चार माणसे यावीत, बहिणीचे लग्न मोडू नये, एवढीच त्यामागची भीती. शेजाऱ्यांनी पहिल्या वर्षी रुग्णाच्या घराशी जे वागणे ठेवले, त्याची किंमत दुसऱ्या वर्षी विधवेच्या कागदांत वसूल झाली.

मदतीच्या नियमांत या घरांसाठी वाट ठेवलेली होती. बाधित ठरल्यापासून तीस दिवसांत झालेला मृत्यू रुग्णालयाबाहेर झाला असला तरी धरला जात होता. दाखल्यावर कारण वेगळे असेल, तर तक्रार निवारण समितीकडे दाद मागता येत होती. अर्ज ऑनलाइन करायचा होता. मृत्यूचा दाखला, चाचणीचा अहवाल किंवा उपचाराची कागदपत्रे, वारसाचे आधार कार्ड आणि बँक खाते लागत होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२२ च्या आदेशात २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी साठ दिवसांची मुदत दिली होती. ती २३ मे २०२२ रोजी संपली.

पन्नास हजारांनी माणूस परत येत नाही. पण त्यात पोरांच्या शाळेची फी, एक शिलाई मशीन किंवा सावकाराचे व्याज सुटते. जो धुणीभांडी करून घर चालवतो त्याला सेतू केंद्राच्या दोन फेऱ्या मारायलाही मजुरी बुडवावी लागते. अर्ज राहिले असतील ते बहुतेक अशाच घरांचे.

टाळेबंदीत याच शहरांतल्या मशीद कमिट्यांनी, गणेश मंडळांनी आणि तालमींनी शिधा वाटला, मृतदेह स्मशानात आणि कब्रस्तानात पोहोचवले, तेव्हा कोणी कोणाचे नाव विचारले नाही. गल्लीतली कोणती घरे मार्च २०२० नंतर एकाएकी पोरकी झाली, हे सरकारी यादीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे. रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडताना ज्या घरांची यादी निघते, त्याच यादीत हे एक खाते वाढवण्यासारखे होते : अर्ज केला का? एका लॅपटॉपवर, एका पदवीधर पोराच्या दोन तासांत हे काम होण्यासारखे होते. २०२२ ची ईद मेच्या पहिल्या आठवड्यात आली. त्यानंतर मुदतीला जेमतेम तीन आठवडे उरले, आणि समितीकडे जायची वेळ आली तर तेही अपुरे पडणारे होते. म्हणून दार वाजवायचे होते ते रमजानच्या महिन्यातच.