उभ्या मोटारीचे स्टिअरिंग

मोटार चालविण्यास शिकणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात जे अनेक धाक घातले जातात, त्यांत एक ठरलेला असतो : ‘गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवायचं नाही!’ का फिरवायचे नाही, असे विचारणारा शिकाऊ क्वचितच भेटतो. आणि कोणी विचारलेच तर ‘खराब होतं’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. काय खराब होते, किती होते आणि कोणत्या गाडीत होते, हे प्रश्न तसेच राहतात. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु कर्ज काढून पहिली मोटार घेणारा शिक्षक वा कारकून आता दुर्मिळ राहिलेला नाही, आणि त्याच्या दृष्टीने टायरची एक जोडी ही क्षुल्लक बाब नव्हे. शिवाय या धाकापायी नवशिक्याच्या हातून एक प्रत्यक्ष धोका उत्पन्न होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याकडे पुढे येऊच.

प्रथम घडते काय ते पाहावे. टायर रस्त्याला जेथे टेकलेला असतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. लहान मोटारीचे वजन ९०० किलो धरले आणि इंजिन पुढे असल्यामुळे त्यातील साठ टक्के पुढच्या चाकांवर आले असे मानले, तर तळहाताएवढ्या एकेका रबरी तुकड्यावर सुमारे २७० किलोंचा भार पडतो. गाडी चालत असताना हा टेकलेला भाग क्षणोक्षणी बदलत असतो. स्टिअरिंग फिरविले की नव्याने खाली येणारे रबर नव्या दिशेने टेकते आणि आधीचे सुटून वर जाते. फरफट फारशी होत नाही. गाडी उभी असली म्हणजे मात्र तेच रबर त्याच जागी पिळले जाते. काही अंशांपर्यंत ते पीळ सोसते, नंतर घासत घासत सरकते. विद्यार्थ्याने खोडरबर कागदावर दाबून धरावे आणि जागच्या जागी गरकन् फिरवावे, तसलाच हा प्रकार. गुळगुळीत फरशीच्या वाहनतळात जो कर्कश आवाज ऐकू येतो आणि खाली जे काळपट कमानीसारखे डाग उमटलेले दिसतात, ते या खोडरबराचेच. जमीन खडीची असेल तर बारीक खडे रबरात रुततात, ते वेगळेच.

हा विरोध टायरपाशीच संपत नाही. तो दांड्या, सांधे, दंतपट्टी आणि स्टिअरिंगचा खांब या मार्गाने चालकाच्या हातापर्यंत पोहोचतो. अॅम्बॅसडर, पद्मिनी किंवा १९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती ८०० ज्यांनी चालविली, त्यांना हे सांगावयास नको. उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरविणे म्हणजे दोन्ही खांदे कामाला लावणे होते. ट्रक व बस यांची तर गोष्टच निराळी. ट्रकवर क्लीनर म्हणून चढलेल्या पोराला उस्ताद पहिल्याच दिवशी सांगत असे की, चाक हलू दे, मग वळव. त्या उपदेशात यंत्रशास्त्र होतेच; पण त्याहून अधिक दंडाची काळजी होती. गाडी वीतभर सरकली तरी वळविण्यास लागणारे बळ एकदम उतरते, हे त्या पिढीला पुस्तकातून नव्हे तर खांद्यातून कळलेले होते. तो नियम त्या काळी शंभर टक्के खरा होता.

नंतर पॉवर स्टिअरिंग आले. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५१ साली आपल्या इम्पीरियल गाडीत तेलाच्या दाबावर चालणारी ही सोय विक्रीस आणली. विजेच्या मोटरने साहाय्य करणारी रचना जपानच्या सुझुकी कंपनीने १९८८ साली सर्व्हो या छोट्या गाडीत बसविली. आपल्याकडे लहान मोटारींत ही सोय सर्रास झाली त्यास फार वर्षे लोटलेली नाहीत. तिने चालकाचे श्रम वाचविले, ही गोष्ट उघड आहे. पण टायरखालचे घर्षण तिने रतिभरही कमी केलेले नाही. पूर्वी जे बळ माणूस लावी ते आता पंप किंवा मोटर लावते, इतकाच काय तो फरक. पूर्वी दंड दुखू लागले की माणूस आपोआप थांबे. ती दुखण्याची सूचना आता नाहीशी झाली आहे. एका बोटाने स्टिअरिंग गरागरा फिरविणाऱ्या तरुणाला खाली रबर घासले जात आहे याचा पत्ताच लागत नाही, आणि ‘काही होत नाही हो’ असे तो प्रामाणिकपणेच म्हणतो.

त्याचे म्हणणे अगदीच खोटे आहे असेही नाही. गाडी बांधणारा अभियंता गिऱ्हाईक उभ्या गाडीचे स्टिअरिंग फिरविणार हे गृहीत धरूनच पंपाची आणि मोटरची शक्ती ठरवितो. किंबहुना स्टिअरिंगला सर्वाधिक बळ लागते ते याच वेळी, म्हणून त्यावरच सारे माप बेतावे लागते. स्वतःहून जागेत शिरणाऱ्या ज्या नव्या गाड्या निघाल्या आहेत, त्यांतील कित्येक तर उभ्या राहूनच चाके वळवितात. तेव्हा दोनचारदा स्टिअरिंग फिरविल्याने ‘रॅक गेली’ असे सांगून बिल वाढविणाऱ्या मेकॅनिकवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. सांधे आणि दांड्या खिळखिळ्या करण्याचे काम आपल्या शहरांतील रस्ते कितीतरी अधिक निष्ठेने करीत असतात. पावसाळ्यात पाण्याने झाकलेल्या खड्ड्यात चाळीसच्या वेगाने एक चाक आपटले, तर त्या एका धक्क्याने सांध्यांवर जो ताण येतो त्यापुढे वाहनतळातील हे पिळणे म्हणजे गुदगुल्याच. त्या खड्ड्यांबद्दल कोणी धाक घालावा, तो नगरपालिकेला; पण ते असो.

खरी काळजी घ्यावयाची ती निराळ्याच एका सवयीची, आणि तिचा उच्चार शिकवणीत सहसा होत नाही. स्टिअरिंग एका बाजूला पुरते फिरवून, ते टोकाला टेकल्यावरही तसेच दाबून धरणे, ही ती सवय. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या रचनेत अशा वेळी दाब शिगेला पोहोचतो. पंप तर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतच असतो. मग जादा तेल सुरक्षेच्या झडपेतून फिरून फिरून तापू लागते. कण्हल्यासारखा जो आवाज येतो तो त्याचाच. अशा गाड्यांच्या माहितीपुस्तिकांत स्टिअरिंग टोकाला काही सेकंदांहून अधिक वेळ धरू नये असा इशारा छापलेला असतो. विजेच्या रचनेत तेल नाही, परंतु मोटर तापते. वारंवार छळ झाला तर नियंत्रक तिचे साहाय्य काही काळ कमी करतो आणि स्टिअरिंग एकाएकी जड वाटू लागते. घाबरून गॅरेज गाठण्यापूर्वी गाडी थोडा वेळ निवू द्यावी. टोकाला टेकले की स्टिअरिंग केसभर मागे सोडावे, एवढे साधे पथ्य यावर पुरते. आमची माहितीपुस्तिका मात्र गाडीच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडून राहते.

म्हणजे झीज खरी आहे, पण ती प्रामुख्याने टायरची आहे आणि मंद आहे. टायरमध्ये हवा कमी असेल तर टेकलेला भाग वाढतो आणि हीच झीज अधिक होते. एरवीही कमी हवेवर चालणारा टायर आपल्या कडा लवकर गमावतो. ज्याला टायर जपावयाचे आहेत त्याने पंधरा दिवसांनी हवा तपासून घ्यावी. उभ्या गाडीचे स्टिअरिंग न फिरविण्याचे व्रत पाळून हवेकडे दुर्लक्ष करणारा मनुष्य दिडकी वाचवून रुपया घालवितो.

आता त्या धोक्याविषयी. गृहसंस्थेच्या आवारातील खांबाखांबांमधून गाडी बाहेर काढणारी एखादी चाळिशीची नवशिकी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. तिच्या मनावर बिंबविलेले आहे की, गाडी हलत असल्यावाचून स्टिअरिंगला हात लावणे पाप आहे. म्हणून ती एकाच वेळी क्लच अर्धवट सोडते, अॅक्सिलरेटर चाचपते, मान मागे वळविते आणि घाईघाईने स्टिअरिंगही फिरविते. चार कामांपैकी एक चुकणारच. आणि ते पायाचे चुकले तर गाडी उडी घेते. त्याच आवारात मुले खेळत असतात, चेंडू गाडीखाली गेला म्हणून एखादे खाली वाकलेलेही असते. अशा जागी नवशिक्याने गाडी पूर्ण थांबवावी, स्टिअरिंग हवे तितके निःशंकपणे फिरवावे, तिन्ही आरशांत आणि मागे पाहून घ्यावे आणि मगच गाडी हळूहळू सोडावी, असेच शिकविले पाहिजे. चार दाणे रबर झिजले तर झिजू द्यावे. हात बसल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनी वर्षाने, गाडी गोगलगाईच्या गतीने सरकत असताना स्टिअरिंग वळविण्याची उत्तम सवय लावून घेता येते. आणि ती लावून घ्यावीच. पण तिची शिकण्याची जागा पहिल्या आठवड्यात नाही. जे कसबी हाताचे भूषण ते कच्च्या हाताचे बंधन करून ठेवणे, ही शिकविण्याची चुकीची रीत आहे. शाळेतही आपण ती पुष्कळदा वापरतो.

उभ्या गाडीतच स्टिअरिंग फिरवावे लागले तर एक लहानशी युक्ती उपयोगी पडते. सपाट जागी, मागच्या चाकांना धरून ठेवणारा हातब्रेक लावून पायाचा ब्रेक सोडावा. पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष टेकलेल्या भागाच्या बरोबर मध्यातून सहसा जात नाही. त्यामुळे चाक मोकळे असेल तर वळताना ते किंचित घरंगळते आणि घासणे थोडे कमी होते. पायाचा ब्रेक दाबलेला असला की ती मुभाही उरत नाही. उतारावर मात्र ही युक्ती करू नये. तेथे पाय ब्रेकवरच हवा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत वाहनचालन शिकविणाऱ्या संस्थांसाठी अभ्यासक्रम घालून दिलेला आहे, आणि वाहनाच्या यंत्ररचनेची ओळख करून देणारा भागही त्यात आहे. या विषयाला त्यातील दहा मिनिटे पुरतील. मैदानात गाडी उभी करावी, एका विद्यार्थ्याला स्टिअरिंगवर बसवावे आणि बाकीच्यांना पुढच्या चाकापासून चार हात बाजूला, खाली वाकून पाहावयास सांगावे. एकदा गाडी उभी असताना आणि एकदा ती हातभर सरकत असताना, असे दोन वेळा स्टिअरिंग फिरविले म्हणजे रबराचे काय होते ते प्रत्येकाला दिसेल, आणि स्टिअरिंगवर बसलेल्यालाही बाहेरून त्याचा आवाज ऐकू येईल.