मातीचाही सर्च रिपोर्ट हवा

जमीन विकत घेताना आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च काढतो. सातबारा, फेरफार, बोजा, वारसांची नावे, कुठल्या पतसंस्थेचे कर्ज राहिले आहे का, सगळे बारकाईने पाहिले जाते. त्याच तीस वर्षांत त्या जमिनीत काय मुरले, हे मात्र कुणी विचारत नाही. कारखाना बंद पडतो, यंत्रे भंगारात जातात, पत्रे उडालेली शेड काही पावसाळे तशीच उभी राहते आणि एके दिवशी कुंपणावर गृहसंकुलाचा फलक लागतो. मधल्या काळात मालक बदलतो, वापर बदलतो, भाव बदलतो. माती तीच राहते. तिच्यात क्रोमियम आहे का, शिसे आहे का, सॉल्व्हंट झिरपत भूजलापर्यंत उतरले आहेत का, याची उत्तरे पाया खोदण्याआधी मिळायला हवीत. ही तपासणी सरकारी अनुदानातून व्हावी आणि शेजारशेजारच्या पालिकांनी ती एकत्र येऊन करावी, असे माझे म्हणणे आहे. एकट्या पालिकेला हे का झेपत नाही आणि एकत्र आल्यावर ते कसे जमते, याचा तीस वर्षांचा अनुभव अमेरिकेतल्या छोट्या शहरांनी गाठीशी बांधला आहे.

अमेरिकेने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहरात ‘लव्ह कॅनाल’ नावाच्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात १९४२ ते १९५३ या काळात एका रसायन कंपनीने सुमारे वीस हजार टन कचरा पुरला आणि वर माती ओढून ती जागा स्थानिक शिक्षण मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात रसायनांचा उल्लेख होता. तरीही तिथे शाळा झाली, भोवती घरे झाली. पुढे तळघरांतून रसायने पाझरू लागली आणि ऑगस्ट १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यातून १९८० साली ‘सुपरफंड’ कायदा आला. प्रदूषण कधीही झालेले असो, जबाबदार कंपनी आणि जमिनीचा आजचा मालक या दोघांनाही खर्चासाठी धरता येईल, इतका तो कडक होता. कायदा योग्यच होता, पण त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. जुन्या औद्योगिक जमिनींकडे बँका फिरकेनात, खरेदीदार शहराबाहेरची शेतजमीन घेऊ लागले आणि गावाच्या मधोमध ओसाड आवारे पडून राहिली. अशा जमिनीला तिथे ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात. तिची कायदेशीर व्याख्या मला महत्त्वाची वाटते. प्रदूषण असल्यामुळे किंवा ते असण्याच्या नुसत्या शक्यतेमुळे जिचा पुनर्वापर अडला आहे, ती जमीन ब्राउनफील्ड. माती प्रत्यक्षात स्वच्छ असली, तरी केवळ संशयाने जमीन वाया जाते, हे त्या व्याख्येने मान्य केले आहे.

संशयावर उपाय एकच, तपासणी. म्हणून तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, साफसफाईच्याही आधी तपासणीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पहिला प्रयोग १९९३ मध्ये क्लीव्हलँड शहर ज्या कायाहोगा काउंटीत आहे तिथे झाला. २००२ च्या कायद्याने या अनुदानांना पक्का आधार दिला, तर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्राउनफील्ड कार्यक्रमासाठी दीड अब्ज डॉलर ठेवले. तपासणी दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात मातीला हात लावायचा नाही. जुने नकाशे, परवाने, हवाई छायाचित्रे, अग्निशमन दलाच्या नोंदी पाहायच्या, जागेवर फिरायचे आणि माहीतगार माणसांशी बोलायचे. त्यात संशयाला जागा निघाली, तरच दुसऱ्या टप्प्यात बोअर मारून माती आणि पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. पहिला टप्पा काही हजार डॉलरांत होतो आणि पुष्कळ जागांबाबत तेवढ्यावरच काळजी मिटते. साफसफाईच्या खर्चापुढे ही रक्कम नगण्य आहे, पण एखाद्या छोट्या नगरपालिकेला ती आपल्या अंदाजपत्रकातून काढणे कठीण जाते. रस्ता आणि पाणी सोडून कुणाच्या तरी बंद कारखान्याची माती तपासायला पैसे खर्च करा, असे नगरसेवकाने सभागृहात कसे मांडायचे?

इथेच पालिकांच्या युतीचा उपयोग होतो. एक पालिका, काउंटी किंवा प्रादेशिक परिषद पुढाकार घेते, बाकीच्या तिच्याशी लेखी करार करतात आणि मिळून एकच अर्ज जातो. पैशाचा हिशेब पुढाकार घेणाऱ्या संस्थेने द्यायचा, सल्लागार एकाच निविदेतून नेमायचा आणि प्रत्येक सदस्याच्या हद्दीतल्या जागा तपासायच्या, अशी त्याची रचना आहे. अलीकडच्या वर्षांत अशा युतीला दहा लाख डॉलर किंवा त्याहूनही अधिक अनुदान मिळू शकले. कनेक्टिकट राज्यातल्या नॉगटक नदीचे खोरे हे याचे बोलके उदाहरण. नदीकाठी वॉटरबरी, नॉगटक, अँसोनिया, डर्बी अशी गावे एका ओळीत वसलेली. पितळ, तांबे आणि रबर यांवर ती वाढली; वॉटरबरीला ‘पितळनगरी’च म्हणत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने एकेक करून बंद पडत गेले. डर्बीची लोकसंख्या जेमतेम बारा हजार. असे गाव पर्यावरण अभियंता कुठून पोसणार? कनेक्टिकटने काउंटी सरकारे १९६० मध्येच मोडीत काढल्याने गावांच्या वर आधाराला दुसरी स्थानिक यंत्रणाही नव्हती. मग नव्वदच्या दशकात या खोऱ्यातल्या गावांनी ब्राउनफील्डसाठी भागीदारी केली. आज १९ शहरे-गावांची प्रादेशिक परिषद ते काम पाहते. प्रत्येक गावाला वेगळा तज्ज्ञ लागत नाही, आणि एका गावात कामाला आलेला अनुभव दुसऱ्या गावात फुकट मिळतो. डर्बीसमोरच्या शेल्टनमध्ये नदीकाठचा रबराचा प्रचंड कारखाना १९७५ साली आगीत भस्मसात झाला होता; त्या काठावर आता लोक फिरायला जातात.

हे वाचताना उल्हास नदीचे खोरे आठवल्यावाचून राहत नाही. मलंगगडाच्या डोंगराकडून येणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. तेवढ्या प्रवासात ती एक नगरपालिका आणि दोन महापालिका ओलांडते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले. रंग, औषधे, रेयॉन, रसायने यांवर हा पट्टा वाढला. मे २०२४ मध्ये डोंबिवली एमआयडीसीत भीषण स्फोट झाल्यानंतर धोकादायक कारखाने वस्तीपासून दूर नेण्याची मागणी पुन्हा जोरात पुढे आली. ती रास्तच आहे. पण कारखाने गेल्यावर मागे उरणाऱ्या भूखंडांचे काय करायचे, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच ऐकू येतो. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीबाबत हेच घडले. आपण वर्षानुवर्षे एफएसआय आणि वाटणीवर भांडलो, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलो. जमिनीखाली काय आहे हा त्या वादाचा विषय कधी झालाच नाही.

आता निदान कायदा तरी आला आहे. केंद्राने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची माहिती द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर, आणि मग जबाबदार कोण ते शोधायचे. मुदती आखून दिल्या हे चांगले झाले. पण देशात तोवर नोंदलेल्या १०३ प्रदूषित स्थळांपैकी साफसफाई सुरू झालेली होती फक्त सात ठिकाणी. शिवाय ही साखळी जिल्ह्याकडून मंडळाकडे जाते. विकास आराखडा करणारी, बांधकाम परवानगी देणारी आणि लोकांच्या शिव्या खाणारी पालिका तिच्या केंद्रस्थानी नाही. संशयित जागांची यादी करायलाही आधी कुणाला तरी जुन्या नोंदी चाळाव्या लागतात. ते काम कुणाच्या माणसांनी आणि कुणाच्या पैशाने करायचे, हे ठरल्याशिवाय नव्वद दिवसांचे घड्याळ सुरूच होणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, ज्याने घाण केली त्याने निस्तरावी. करदात्याचा पैसा का? तत्त्व बिनतोड आहे आणि मला ते सोडायचे नाही. पण राजस्थानातल्या बिछडी गावाचा इतिहास पाहा. एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी तिथल्या विहिरींचे पाणी लाल केले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली प्रदूषकाने भरपाई द्यावी असा ऐतिहासिक निकाल दिला. पैसे मात्र आले नाहीत, आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश द्यावा लागला. मधली पंधरा वर्षे गावाने तेच पाणी पाहिले. कंपनी दिवाळखोरीत गेलेली असते, तीनदा विकली गेलेली असते किंवा एकाच आवारात चार कारखाने नांदलेले असतात. अशा वेळी कुणाचे विष कोणते, हे तपासणीशिवाय सिद्ध करायचे कसे? सरकारी पैशातून तपासणी झाली की वसुलीचा पुरावा तयार होतो. अमेरिकेतही जो स्वतः त्या प्रदूषणाला जबाबदार आहे, त्याला त्या जागेसाठी हे अनुदान वापरता येत नाही. तीच अट आपण घालावी आणि वसूल झालेला खर्च पुन्हा त्याच निधीत जमा करावा.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आणि म्हणून अधिक खरा. यादीत नाव आले की भाव पडतील, आसपास फ्लॅट घेतलेल्या मध्यमवर्गीयाचे काय? ही भीती झटकून टाकता येणार नाही. कर्जाचा हप्ता भरणाऱ्याला ती रोज छळते. पण लपवल्याने तोटा नाहीसा होत नाही. तो सर्वांत कमी माहिती असलेल्या खरेदीदाराच्या पदरात जातो, त्याच्या मुलांच्या अंगणात आणि बोअरवेलमध्ये. ईपीएने दिलेल्या अभ्यासानुसार साफसफाईनंतर ब्राउनफील्डजवळच्या घरांच्या किमती पाच ते पंधरा टक्क्यांनी वाढल्या. सरकारी एका डॉलरमागे वीस डॉलरची इतर गुंतवणूक आली, असेही ती संस्था सांगते. हा हिशेब तिचा स्वतःचा आहे, शिवाय अमेरिकेतला बाजार वेगळा, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा मी लावणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे. आणि वाढलेली किंमत कुणाच्या खिशात जाते, हा प्रश्न तिथेही उरलाच. जमीन स्वच्छ झाली, भाडी वाढली आणि ज्या कामगारांनी तिथे आयुष्य घालवले त्यांना दूर जावे लागले, असे तिथल्या अनेक वस्त्यांत घडले. म्हणून आपल्याकडे सुरुवात सार्वजनिक मालकीच्या भूखंडांपासून करावी, आणि खासगी जागेवर अनुदान वापरले तर बदल्यात शाळा, मैदान किंवा परवडणाऱ्या घरांसाठी जागा लेखी ठरवून घ्यावी.

तिसरा आक्षेप प्रशासनाचा: आणखी एक समिती कशाला, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे की. मंडळ आहे आणि अंतिम निर्णय त्याचाच राहावा. पण मंडळाला संपूर्ण राज्य पाहायचे असते; कोणती जागा आधी तपासायची हे ती शाळेजवळ आहे की विहिरीजवळ यावर ठरते, आणि ते पालिकेला कळते. नवी संस्था काढायचीही गरज नाही. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली यांनी करार करावा. मोठी महापालिका पुढाकार घेईल, पण जागांच्या निवडीत लहान नगरपालिकेचे मत समान असेल, हे करारातच लिहावे. पैशाचा मार्गही अनोळखी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी समूहांना हवेच्या गुणवत्तेसाठी अनुदान दिले, तेव्हा हवा पालिकेची हद्द मानत नाही हे गृहीत धरले होते. भूजलही ती मानत नाही. राज्याने अशा युतीसाठी छोटा निधी ठेवला, तर पहिल्या टप्प्याची तपासणी वर्षभरात शंभरेक भूखंडांवर होऊ शकते.

आणि हे वर्ष दवडण्यासारखे नाही. पहिल्या टप्प्यात जुन्या माणसांच्या मुलाखती असतात, हे वर आलेच. टाकी कुठे पुरली होती, पावसाळ्यात सांडपाणी कोणत्या भिंतीआडून सोडत, रात्रपाळीला पिंप कुठे रिकामे होत, हे कुठल्याही परवान्यात सापडत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात या कारखान्यांत लागलेले कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याकडे वही-पेन आणि जागेचा नकाशा घेऊन जायला प्रयोगशाळा लागत नाही, निविदाही लागत नाही. युतीचा करार होईपर्यंत चारही पालिकांनी तेवढे काम सुरू करावे.