जावाचा बेडूक जावळीत कसा आला?



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय बेडूक आहे, तेव्हा ज्यांना रस नसेल त्यांनी खुशाल डिलीट करावं. पण पूर्ण वाचलंत तर कदाचित तुमच्याही गावाच्या उपयोगी पडेल.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, जावळी तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला भातखाचरं आणि त्याच्या पलीकडे ओढा. तिथे एक प्रकल्प यायचं घाटतंय. कुणाचा ते इथे लिहीत नाही, उगाच वाद नको. त्यासाठी झालेल्या पाहणीचा अहवाल चुलतभावाने पाठवला, "दादा, इंग्रजी आहे, जरा वाचून सांग" म्हणून. शुक्रवारची सुट्टी होती, अल मन्सूराच्या फ्लॅटवर चहा घेऊन वाचायला बसलो. एवढ्या जाडजूड अहवालात सगळ्या प्राण्यांना मिळून दीड पान आणि बेडकांना चार ओळी. पहिलीच ओळ अशी: 'फेजरवार्या लिम्नोकॅरिस, सर्वत्र आढळतो, धोका नाही.'

सहज म्हणून नाव शोधलं, तर हा बेडूक जावा बेटावरचा निघाला! इंडोनेशियातला. मग तो आमच्या खाचरात काय करतोय?

यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा घोळ आहे. हाइनरिश बोई नावाच्या जर्मन अभ्यासकाने जावातल्या बेडकाला 'राना लिम्नोकॅरिस' हे नाव सुचवलं, पण छापायच्या आधीच १८२७ मध्ये तो तिथेच वारला. १८२९ मध्ये ग्रावेनहॉर्स्टने ते छापलं. पुढे कितीतरी वर्षं पुस्तकांत श्रेय मात्र तिसऱ्याच माणसाला, वीगमनला, दिलं जायचं. म्हणजे नाव ठेवलं कुणी इथूनच गोंधळ. नंतर पाकिस्तानपासून जपानपर्यंत भातशेतीत जो जो लहान, मळकट तपकिरी, पाठीवर सुरकुत्या असलेला बेडूक दिसला, त्याला हेच लेबल लागलं. त्यात आमचे बेंडकुळेही आले.

शंका कुणालाच आली नाही असं नाही. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांमधल्या जीवांवर लेख लिहिला. त्यात सातारा, पुणे, नाशिक भागातल्या बेडकांना त्यांनी लिम्नोकॅरिसचाच एक प्रकार म्हणून वेगळं नाव दिलं: 'सिहाद्रेन्सिस'. म्हणजे सह्याद्रीचा. इंग्रजांच्या काळातलं स्पेलिंग, त्यामुळे सह्याद्रीचा 'सिहाद्री' झाला, आणि नियम असा की मूळ छापलेलं स्पेलिंग शक्यतो बदलायचं नाही. २००१ मध्ये पश्चिम घाटातल्याच दुसऱ्या एका चिमुकल्या बेडकाला 'सह्याद्रिस' नाव मिळालं. आता सह्याद्रीच्या नावाचे दोन बेडूक, फरक स्पेलिंगचा. आमच्या ऑफिसात डेटाबेसमध्ये असं काही सापडलं असतं तर आम्ही एक नोंद डुप्लिकेट समजून उडवली असती!

कुळाचं नाव तर विचारूच नका. आधी राना, मग काही जण लिम्नोनेक्टिस म्हणू लागले, मग फेजरवार्या. २०११ मध्ये दक्षिण आशियातल्या जातींसाठी बांगलादेशातून 'झाकेराना' आलं. २०१८ च्या एका शोधनिबंधाने डीएनएच्या आधारे दोन गट केले: आग्नेय आशियाकडचे बहुतेक फेजरवार्या आणि आपल्याकडचे बहुतेक मिनर्वार्या. मिनर्वार्या हे नाव २००१ चं, आधीचं, म्हणून झाकेराना बाद. थोडक्यात, आमच्या खाचरातला बेडूक जावाच्या बेडकाची जात तर नाहीच, तो आता त्याच्या कुळातलाही राहिला नाही. गंमत म्हणजे खुद्द जावातही लिम्नोकॅरिस समजले जाणारे सगळे एक नव्हते. २००१ मध्ये त्यांच्यातून 'इस्कंदरी' ही वेगळी जात निघाली.

इथल्या एका मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "अरे, बेडूक तो बेडूक. शास्त्रज्ञांना उद्योग नाहीत." त्याचं अर्धं म्हणणं मला पटतं. वीस वर्षांत चार नावं बदलली तर सामान्य माणसाने काय करावं? पण नाव बदलणं हा मला मूळ दोष वाटत नाही. मी पाटील. अरबीत 'प' नाही, म्हणून इथल्या कार्डावर मी 'बातील' आहे. तरी माझं काही अडत नाही, कारण कार्डाला नंबर आहे आणि नंबरामागे मी आहे. बेडकाच्या बाबतीत हे काम संग्रहालयातला नमुना करतो. नाव त्या नमुन्याला बांधलेलं असतं. कुठल्या ओढ्यावर, कधी, कुणी पकडला याची नोंद असेल तर नाव दहा वेळा बदललं तरी प्राणी हरवत नाही. नोंदच नसेल तर मात्र नुसतं नाव उरतं.

आमच्या अहवालात नेमकं हेच झालंय. तारीख नाही, जागा नाही, फोटो नाही, आवाजाचं रेकॉर्डिंग नाही. जुन्या यादीतून नाव उचललं आणि त्याच्यासोबत 'धोका नाही' हा शेराही उचलला. तो शेरा ज्या जातीचा आहे ती आमच्याकडे नाहीच! आमच्या बेडकाला धोका आहे, असा माझा दावा नाही. तो सिहाद्रेन्सिस असेल. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या उत्तर पश्चिम घाटातून जी नवी जात जाहीर झाली, जिचं नाव चक्क 'मराठी' आहे, ती असेल. दोन्ही असतील. दिसायला हे सगळे इतके सारखे की आवाज आणि डीएनए तपासल्याशिवाय खात्री होत नाही. म्हणूनच म्हणतो, अहवालातलं नाव एवढंच सिद्ध करतं की पावसाळ्यात रात्री खाचराच्या बांधावर कुणी जाऊन उभंच राहिलं नाही. आणि जिथे बेडूक पाहिला नाही, तिथे ओढा तरी पाहिला असेल का?

'जात निश्चित नाही' असं लिहिलं असतं तरी मला चाललं असतं. ते प्रामाणिक झालं असतं.

मी जुलैत सुट्टीवर जातोय. भावाला सांगितलंय की पहिल्या पावसापासून रोज रात्री मोबाईलवर दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड कर, फोटो काढ, तारीख आणि खाचराचं नाव लिहून ठेव. आमची आजी आवाजावरून तीन तऱ्हेचे बेडूक वेगळे सांगायची. ती नावं तेव्हा लिहून ठेवली नाहीत, आता विचारायला ती नाही. हे सगळं एखाद्या जाणकाराला दाखवून हरकतीच्या अर्जासोबत जोडायचा विचार आहे. प्रकल्प थांबेल असं नाही. पण निदान पाहणी पुन्हा करा, असं म्हणता येईल.

तुमच्यापैकी कुणाच्या गावाकडे असा अहवाल आला असेल तर त्यात 'लिम्नोकॅरिस' हा शब्द शोधून बघा. महाराष्ट्रातल्या गावासाठी तो सापडला, तर पुढची पानंही जरा नीट वाचा. आणि प्राणिशास्त्रवाल्या कुणी माझ्या लिहिण्यातली चूक दाखवली तर आनंदच आहे.

चूभूद्याघ्या.

आपला,
(जावळीचा) पाटील, ऊर्फ बातील
अल मन्सूरा, दोहा