घोडं अडलं कुठे?

कॉलेजच्या टीमची ट्रायल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? क्रिकेट. फार तर बास्केटबॉल. मी मात्र एका ट्रायलला चक्क गाय अडवायला गेले होते. तेही घोड्यावर बसून! हसू नका...

२०२२ साली मास कॉमच्या डिग्रीसाठी मी पश्चिम टेक्सासमध्ये होते. साधी कॉफी प्यायला जायचं तरी गाडी हवी. माझ्याकडे गाडी नाही, ग्रुप नाही, आणि डबा रोज एकटीने खायचा. अशात नोटीस बोर्डवर दिसलं, 'रँच हॉर्स टीम ट्रायआउट्स'. म्हटलं, हे तर आपलं होम ग्राउंड! शाळेत असताना पुण्यात तीन वर्षं रायडिंग शिकले होते. माथेरानला घोडेवाला लगाम धरून फिरवतो ती पब्लिक वेगळी, मी वेगळी, असा आपला तोरा.

तो पंधरा मिनिटांत उतरला.

रँच हॉर्स म्हणजे गुरं राखणाऱ्या घोड्याचं रोजचं कामच, फक्त परीक्षकांसमोर केलेलं. प्रकार चार. रँच रायडिंगमध्ये घोड्याच्या चाली बघतात. ट्रेलमध्ये घोड्यावरून न उतरता फाटक उघडायचं, पलीकडे जाऊन बंद करायचं, लाकडी पूल ओलांडायचा, दोराने ओंडका ओढायचा. रेनिंगमध्ये गिरक्या, आणि भरधाव येऊन जागच्या जागी ब्रेक! गुण ७० पासून सुरू होतात, मग प्रत्येक हालचालीगणिक वर किंवा खाली. आणि चौथं, काऊ वर्क.

पुण्यात मला शिकवलेलं होतं, लगाम दोन्ही हातांत, घोड्याच्या तोंडाशी सतत हलका ताण, दुडक्या चालीत तालावर उठ-बस. इथे लगाम एकाच हातात, तोही लोंबता. वळायचं तर तो मानेला नुसता टेकवायचा. थांबायचं तर खोगिरात खोल बसून 'व्हो' म्हणायचं. मांड पक्की ठेवा आणि गप्प बसा! (गप्प बसणं जमलं असतं तर या धंद्यात कशाला आले असते?)

तरी फाटक उघडलं, पूलही ओलांडला. गिरक्यांमध्ये भोवळ आली, पण पडले नाही. मग रिंगणात एक काळी कालवड सोडली. तिला एका टोकाला थोडा वेळ रोखून धरायचं होतं. माझा घोडा क्वार्टर हॉर्स. पाव मैलाच्या शर्यतीवरून या जातीला हे नाव पडलं, पण रँचवाले त्यांच्यावर फिदा असतात ते त्यांच्या गाय ओळखण्याच्या अकलेवर. कालवड दिसताच त्याने मान खाली घातली, कान रोखले आणि ती डावीकडे वळायच्या आत हा डावीकडे! पोटात गोळा आला. काऊ वर्कमध्ये खोगिराचा हॉर्न धरलेला चालतो. मी काय धरलं? लगाम. खच्चून. घोडा गोंधळून थांबला आणि कालवड शेपटी उडवत आमच्या समोरून गेली.

कोच पन्नाशीच्या बाई होत्या. म्हणाल्या, "हनी, त्याला काम येतं. तू मधे येऊ नकोस."

दुसऱ्यांदा सोडली, दुसऱ्यांदा तेच. डोक्याला कळत होतं हो! हाताला कळत नव्हतं. घरापासून हजारो मैलांवर, हातात धरायला ती एकच गोष्ट होती, ती सोडवत नव्हती.

संध्याकाळी यादी लागली. माझं नाव नव्हतं. रूमवर येऊन आईला फोन केला, तर ती म्हणाली, "बरं झालं, हातपाय शाबूत आहेत ना?" मग मात्र रडले.

दोन दिवसांनी कोचबाईंचा मेसेज आला. तबेल्यात सकाळी वैरण घालायला माणूस कमी आहे, येशील का? सहा वाजता, बिनपगारी. गेले. त्या घोड्याने मला ओळखलं की नाही, देव जाणे. वैरणीची पेंढी मात्र माझ्या हातून ओढून घेतली.

पुढची ट्रायल जानेवारीत होती. तोवर मी रोज त्याच्या पाठीवर, लोंबत्या लगामाने, नुसती चालत राहिले.